पाण्यातल्या बाया

मोखाडा,
१६ फेब्रुवारी २०२५

लाडक्या हौशीबायला,

तुला आणि जिवाभाऊजींना रविनाचा नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. नाचणी चांगली झाली. शेळीला दोन पिल्लं झालीत, त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं हट्टी, आईखेरीज कुणाच्या हाती लागत नाही. तुझा फोन काही लागत नाही. शेजारची सुकी परत तुमच्याकडे वसईला कामावर निघालीय, तिच्या हाती ही चिठ्ठी देते.

आता माझी गंमत ऐक. जव्हारला मी चित्रांच्या वर्गाला जाते. तिथल्या मॅडमनी एक जाडजूड पुस्तक उघडलं, तर त्यात परदेशातल्या बाया नदीवर न्हातायत! हसून माझी पुरेवाट झाली. पण मग बघतच राहिले. रेघ म्हणून कुठं नाहीच गं. आपण गेरूवर तांदळाच्या पिठानं काढतो तेव्हा प्रत्येक माणूस वेगळं दिसतं. इथं बाईची पाठ कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं, तेच कळेना. सावली निळी, खांद्यावर हिरवं ऊन. एकीलाही धड नाक-डोळे नाहीत. जवळून नुसते डाग, मागं सरकलं की नदी. जीपमधून घरी येईपर्यंत मी त्या पाण्यातच होते.

मग मीही काढलं. आपला डोह, दुपारची वेळ, करंजाची सावली. ओल्या लुगड्यातल्या काशीकाकी, चैती, आई, सगळ्या उन्हात विरघळलेल्या. आणि खरं सांगू? तुलाही काढलं. नाक-डोळे नाहीत म्हणजे कोण ओळखणार, असं वाटलं. सोयरिकीची दारू पिऊन बाबांनी पाहुण्यांना तुझा शब्द दिला आणि पहाटे तू जिवाभाऊजींबरोबर निघून गेलीस, तेव्हापासून घरात तुझं नाव घ्यायचं नाही. आईसुद्धा नुसतं ‘ती’ म्हणते. मला तू घरात हवी होतीस, चित्रात तरी. तुझ्याशिवाय मला करमत नाही, बाय.

आज चित्र दाराशी वाळत ठेवलं होतं. बाबा शेतावरून आले आणि पाय न धुताच तिथं थांबले. जवळ गेले, मागं सरले. मग बोट ठेवलं, ते नेमकं तुझ्यावर.

“ही हौशी ना?”

आईची भाकर तव्यावर करपली.

“कान दाबून बुडते ती हौशीच,” ते म्हणाले.

मग किती तरी वेळ चित्रासमोर बसून राहिले. बोटाला निळा रंग लागला होता, तो पुसलाही नाही. उठताना मला म्हणाले, “लय वेळ झाला तिला पाण्यात. घरा ये म्हण. जिवालाही आण म्हण.”

आई चुलीकडे तोंड करून रडत होती. मी लगेच लिहायला बसले.

आजपासून घरात तुझं नाव मोठ्यानं घेणारी,
तुझी रविना