हेमा खैरे हिच्या स्टुलाबाबत

प्रति,
मा. शिक्षण उपसंचालक (उच्च माध्यमिक),
पुणे.

विषय : बारावी संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात वर्षभर स्टुलावर बसलेल्या विद्यार्थिनीबाबत योग्य तो आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा प्राचार्यांकडील अर्ज, दि. ४ जानेवारी १९९९.
२) श्री. सुदर्शन पायगुडे यांचे जिन्यातील तोंडी बोलणे, तारीख वारंवार.

महोदय,

१. अर्जदार महिपती गेनबा खैरे हा खडकी येथील संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर असून त्याच खात्याच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याची कन्या कु. हेमा बारावी शास्त्र शाखेत आहे. तिने संगणकशास्त्र हा विषय स्वतःच्या गुणवत्तेवर मिळवला आहे. समोरच्या दारात राहणारे श्री. पायगुडे यांचे चिरंजीव तेजस यांनीही तो मिळवला आहे. कसा, हा या अर्जाचा विषय नाही.

२. महाविद्यालयात संगणक बारा आणि मुले चोवीस. त्यामुळे एका संगणकापुढे एक खुर्ची व एक स्टूल अशी व्यवस्था आहे. खुर्चीवरच्याने कीबोर्ड चालवायचा, स्टुलावरच्याने पाहायचे. पहिल्या दिवशी जो जिथे बसला तीच त्याची वर्षाची जागा ठरली. प्रयोगशाळेत पादत्राणे काढून जावे लागते. हेमाच्या सँडलला बकल आहे, तेजसच्या सँडलला नुसती चिकटपट्टी. एवढ्या चार सेकंदांत दोघांच्या वाट्याच्या संगणकाची खुर्ची तेजसकडे गेली. बकलाचे सँडल टिकाऊ म्हणून अर्जदाराने स्वतः निवडले होते, हे तो प्रामाणिकपणे नमूद करतो.

३. त्यात दसऱ्याला श्री. पायगुड्यांनी घरी संगणक आणला. त्यास झेंडूची माळ घातली व अख्ख्या इमारतीला पेढे वाटले. अर्जदारास दोन दिले. तेव्हापासून जिन्यात भेटले की ते म्हणतात, "अहो खैरे, तेजसचा हात काय फिरतो हो कीबोर्डवर! आता बारावी, मग इंजिनीअरिंग, मग कंपनी आणि मग थेट विमान. तुमच्या हेमाचं काय, बघून बघून येतंच असेल थोडंफार."

या सर्व प्रकारामुळे अर्जदारास मत्सर वाटतो असा गैरसमज इमारतीत पसरला आहे. तसे काही नाही. हे त्याने आपली पत्नी सौ. मुक्ताई हिलाही तीन वेळा सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मत्सर नाही, तर त्यांच्या बाजूच्या खिडकीला खिळा का मारलात?" खिळा वाऱ्यासाठी मारला आहे.

४. आपल्या मुलीचे नुकसान होऊ नये म्हणून अर्जदाराने दिवाळीच्या सुट्टीत स्वहस्ते कीबोर्ड बनवला. अॅल्युमिनियमचा पत्रा व स्प्रिंगा जुन्या बाजारातून आणल्या, कारखान्यातून नव्हे, हे कोणी विचारलेले नसतानाही येथे नमूद करीत आहे. प्रत्येक बटण व्हर्नियरने मोजून, कानस मारून बसवले. त्यावर ए, बी, सी, डी ही अक्षरे शहाण्या माणसाने लावावीत तशी ओळीने कोरली. हेमा रोज संध्याकाळी अर्जदारासमोर तासभर त्यावर सराव करी. बटणांचा आवाज पायगुड्यांपर्यंत जात असे. तो जावा अशीच सोय केली होती.

५. डिसेंबरात पालकांना प्रयोगशाळा दाखवण्यात आली. तेथील थंड हवा माणसांसाठी नसून यंत्रांसाठी आहे, असे कळले. अर्जदाराने कीबोर्ड पाहिला, तर अक्षरे कुठल्या कुठे! ए कोपऱ्यात, बी खाली, क्यू सर्वांच्या आधी. जुळणी चुकली आहे, स्क्रू-ड्रायव्हर द्या, दहा मिनिटांत लावून देतो, असे अर्जदाराने शिक्षिका नम्रता मॅडम यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, जगात सगळीकडे असाच असतो." श्री. पायगुडे मागेच उभे होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी रुमाल काढला.

घरी आल्यावर अर्जदाराने हेमास विचारले की, चार आठवडे तू गप्प का बसलीस? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकं मापात केलं होतं. सांगू कशी?" त्या दिवशी अर्जदार जेवला नाही.

६. परंतु त्याच भेटीत आणखी एक गोष्ट अर्जदाराने डोळ्यांनी पाहिली. तेजस खुर्चीवर बसून सारखा विचारत होता, "आता काय? आता काय टाकू?" आणि हेमा स्टुलावरून, पडद्याकडे न बघता, सांगत होती. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. मॅडम म्हणाल्या की वर्षभर असेच चालले आहे. हेमा सगळे प्रोग्रॅम वहीत लिहून आणते, तेजस उमटवतो. अर्जदारास त्यानंतर साधारण एक तास कोणाचाही मत्सर वाटला नाही. (आधीही वाटत नव्हताच.)

७. आता अडचण अशी की, बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असून ती प्रत्येकाने एकट्याने, खुर्चीवर बसून द्यायची आहे. हेमास प्रोग्रॅम येतो, अक्षरे सापडत नाहीत. वेळ संपेल आणि तिच्या चार ओळीही उमटणार नाहीत. प्रात्यक्षिक गेले म्हणजे बारावी गेली, आणि बारावी गेली म्हणजे तिचे कॉम्प्युटर इंजिनीअरिंग गेले. याबाबत प्राचार्यांना लिहिले असता, वेळापत्रकात जागा नाही, असे एका ओळीचे उत्तर आले.

८. ९ जानेवारीस श्री. पायगुडे स्वतः अर्जदाराच्या दारात आले व म्हणाले, "हेमाला आमच्याकडे पाठवा की. मशीन रिकामंच असतं. तिचा हात बसेल, आणि आमच्या गाढवाला ती जरा डोकं शिकवेल." त्यांनी आवाज खाली ठेवला होता. ते खरोखर काळजीत दिसले. अर्जदाराने उत्तर दिले, "आमच्याकडे सोय आहे," आणि दार लावले.

तेव्हापासून घरात अर्जदाराशी कामापुरतेच बोलले जाते. दार परत उघडून 'पाठवतो' असे म्हणणे अर्जदारास शक्य नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो पायगुड्यांच्या पायपुसण्यापर्यंत जाऊन परत आला.

९. सबब विनंती की, 'कु. हेमा हिने श्री. पायगुडे यांच्या घरी जाऊन दररोज दोन तास सराव करावा. पालकांची हरकत विचारात घेतली जाणार नाही,' असा सक्त लेखी आदेश आपल्या सहीशिक्क्याने काढावा. अर्जदार तीस वर्षे सरकारी नोकरीत असून वरून आलेल्या आदेशापुढे त्याचा नाइलाज असतो, हे पायगुडेही जाणतात. आदेशात कडक शब्द वापरल्यास उपकार होतील.

आदेश मोडण्याची छाती नसलेला,

(सही)
महिपती गेनबा खैरे
खडकी, पुणे
दि. १८ जानेवारी १९९९

सोबत : १) हेमाच्या वहीतील प्रोग्रॅमची झेरॉक्स, पाने सहा.
२) प्राचार्यांचे उत्तर, ओळ एक.

ता. क. : अर्ज टपालात टाकण्यापूर्वी आज, दि. १९ रोजी, अर्जदार कामावरून लवकर घरी आला असता हेमा घरात नव्हती. सौ. मुक्ताई म्हणाली, "शुक्रवारपासून जातेय ती समोर. तुमच्या साहेबांच्या सहीसाठी परीक्षा थांबणार आहे का?" तरी आदेशावर कृपया शुक्रवार, दि. १५ जानेवारी ही तारीख टाकावी, म्हणजे अर्जदाराने परवानगी दिली होती असे रेकॉर्डवर राहील.