पास्कू अजून आंबट आहे

मनोरी, ९ ऑक्टोबर १९८४

ती. सौ. वनमाला वयनीस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, आईचा खोकला आणि दादाचा राग तिन्ही उतरले असतील असं धरून चालतो. (तिसरा उतरला नसला तर कळवू नकोस.)

मी मजेत आहे, म्हणजे परवापर्यंत होतो. अंधेरीच्या कारखान्यात टिकलो नाही, मालाडच्या हॉटेलात टिकलो नाही, पण या रेजिनाबायकडे तिसरं वर्ष लागलं. ख्रिस्ती म्हातारी, एकटी. तिच्या खोल्या झाडायच्या, पाहुण्यांना मार्व्याच्या तरीवरून आणायचं आणि वर्षातून एकदा वाइन चाखायची. हसू नकोस, कामातच धरलंय. तिचा नवरा पास्कू घरीच काळ्या द्राक्षांची वाइन करायचा. शेवटची बरणी बाटल्यांत भरली, लाख लावली आणि त्याच आठवड्यात होडी घेऊन गेला तो आलाच नाही. बायला मधुमेह, म्हणून जीभ माझी. पण ती वाइन कशी झाली ते विचारत नाही गं. विचारते, "लवू, आता कसा आहे तो?"

पहिल्या वर्षी मी सरळ बोललो, "बाय, चिंचेसारखा." ती म्हणाली, "असणारच. भांडून गेलेला." दुसऱ्या वर्षी म्हटलं, जरा निवलाय, मागून काकवी लागते. तर म्हातारी लाजली! लग्नाचं लुगडं काढून उन्हात घातलं. म्हणे, "पुरता पिकला की सांग. मग शेवटची बाटली मी पिणार आणि त्याच्याकडे जाणार." पेटीवाल्याला मापसुद्धा देऊन आली. (पेटी म्हणजे कसली ते आईला वाचून दाखवू नकोस.)

परवा यंदाचा घोट घेतला आणि अंगावर काटा आला. पिकलेला, वयनी. भांडण कुठेच नाही, आणि शेवटी जुन्या होडीच्या लाकडाचा वास. खरं बोललो तर म्हातारी जाते. तापात तिने मला पेज भरवली आहे. म्हटलं, "बाय, थांब, वारा लागू दे," आणि आत जाऊन तू दिलेलं कोकमाचं आगळ त्यात ओतलं. रंग तसाच लाल. "तूच बघ किती आंबट," म्हणून पेला पुढे केला. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. तुझ्या आगळात मीठ असतं हे या टाळक्यात आलंच नाही!

मग हळूच म्हणाली, "समुद्र लागतोय रे. निघाला वाटतं तो."

तेव्हापासून दाराला कडी नाही. सकाळी उंबऱ्यावर ओली वाळू असते. (कुत्रा असणार. इथे कुत्रे पुष्कळ. पाय कसले उमटलेत ते मी वाकून बघितलं नाही.)

नारळ उतरवले का? आईला सांग, पोटभर जेवतो.

तुझा लवू

ता. क. – खरं काम हे. कोणी मुंबईला येत असेल त्याच्याबरोबर बिनमिठाचं आगळ पाठव. टिकत नाही म्हणशील, तरी पाठव. एकच बाटली उरली आहे, ती मला अजून पुष्कळ वर्षं आंबट ठेवायची आहे.

पुन्हा ता. क. – आगळ राहू दे. पत्र डकवायच्या आतच बायने शेवटची बाटली पुढ्यात ठेवली. लाख मी माझ्या हाताने फोडली, वयनी. आत खारट. बाय पेल्याला शिवलीसुद्धा नाही. म्हणाली, "आता मला कुठे जायला नको." पेटीवाल्याला नको म्हणून निरोप गेला आणि मला तीन ताटं मांडायला सांगितली. मांडली. बांगडे तळायला घेतोय. पास्कूला तिखट चालतं की नाही, तेवढं विचारायचं राहिलं.