सायलेन्सरच्या गल्लीतले डबे

मुलुंड, शनिवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी माझा डबा घेणारा वेल्डर विलास दारात आला, "काकू, सोमवारपासून डबा नको. कारखाना बंद होतोय." गाड्या विजेवर चालायला लागल्या, आता सायलेन्सर हवेत कोणाला? आमची ती अख्खी गल्लीच सायलेन्सर बनवते, आणि माझे सगळे डबे त्याच गल्लीत. वेल्डिंगचा धूर घशात बसतो म्हणून प्रत्येक डब्यात मी गुळाचा खडा टाकते. आता कोणासाठी टाकू?

आणि आजच सोसायटीत स्वच्छ हवेवर भाषण. पाहुणे म्हणे, या कामगारांनी नवीन काहीतरी शिकावं. मी उठून विचारलं, "पन्नाशीच्या वेल्डरला काय शिकवणार, आणि तोवर तो खाणार काय?" म्हणाले, सगळं ऑनलाइन आहे. आमचे सेक्रेटरी सबनीस हसले, "काकू, तुम्हाला स्वच्छ हवा नको का?"

नको कशाला? माझ्या नातवाला दमा आहे. पण इतकी वर्षं गूळ चघळत ज्यांनी तो धूर गिळला, त्यांनाच आधी हाकलायचं? की मी माझ्या डब्यांपायी चिडलेय? असेनही. म्हणून काय गप्प बसू?

निघताना सबनीस गोडीगुलाबीवर आले. "काकू, पुढच्या महिन्यात पर्यावरण मेळावा आहे. जेवण तुमच्याकडेच हं."

म्हटलं, "करते. पण वाढायला विलास आणि त्याच्या गल्लीतले लोक येतील. त्यांच्या तोंडाकडे बघून जेवा."

"बघू मग," म्हणाले आणि सटकले.

आता ती ऑर्डर काही येत नाही. गरज होती मला. तरी न आलेलीच बरी.