तुतीचं झाड आणि निळी खोली

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडच्या वादळाची बातमी वाचली. तू फोनवर म्हणालीस की मागच्या तुतीची एक फांदी मोडली, कपडे वाळत घालायची दोरी तुटली, बाकी ठीक. तुझं ‘बाकी ठीक’ मी लहानपणापासून ओळखतो. जिन्यावरून पडून हात मोडला तेव्हाही तू आईला बाकी ठीकच सांगितलं होतंस.

ते झाड तुझ्या झोपायच्या खोलीवर कललेलं आहे. भावोजी गेल्यापासून त्या घरात तू एकटी. उद्या ते छपरावर आलं तर तुला बाहेर कोण काढणार, मांजर? म्हणून मी इथूनच चौकशी करून तुमच्या भागातला एक झाडं तपासणारा आणि तोडणारा माणूस गाठला आहे. मंगळवारी येईल. त्याच्यापुढे शहाणपणा करू नकोस. झाड धोक्याचं आहे असं तो म्हणाला, तर घराला कुलूप घालायचं आणि इकडे निघून यायचं. तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली आहे. निळा रंग दिला. आवडतो का, ते विचारत बसलो नाही.

माझं उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

लोभ असावा, आणि एखादवेळी माझं ऐकावंही.

तुझा,
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा माणूस आला. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला इतक्या कड्या, की तो फाटकातून आत शिरला तेव्हाच मांजर कपाटाखाली गेलं. एवढा सरंजाम पाहून मला वाटलं झाडावर चढेल. चढला नाही. लाकडी हातोडीने खोडावर टकटक केलं, कान लावला आणि चेहरा असा केला, की आता नातेवाइकांना कळवा म्हणतो की काय. खोड आतून पोकळ आहे म्हणाला. महिनाभर टिकलं तरी नशीब.

मी चहा दिला. चहा पिता पिता तो सांगायला लागला, की बाईंनी भावाकडे जावं, खोली निळी आहे, खिडकीतून बाग दिसते. झाडाच्या डॉक्टरला माझ्या खोलीचा रंग कशाला हवा, ते मला कळेना. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बशी संपायच्या आत त्याने सांगून टाकलं, की झाड कसंही असलं तरी ताईला धोक्याचंच सांगा, असं तू त्याला फोनवर बजावलं होतंस. माणूस वाईट नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, एवढंच.

मग शेजारणीने एक बाई सुचवल्या. त्यांचाही हाच धंदा. त्यांनी दोर टाकला आणि सरसर वर गेल्या, नमस्कारसुद्धा वरून केला. खाली आल्यावर म्हणाल्या, खोड ठणठणीत आहे. झाड कललंय ते उजेडाच्या ओढीने, आणि मुळांनी ते केव्हाच तोलून धरलंय. छपरावरच्या दोन फांद्या तेवढ्या जड झाल्या होत्या. त्या दोराला बांधून इतक्या अलगद उतरवल्या, की एक कौल हललं नाही. अंगण झाडून दिलं आणि जाताना मलाच झापलं. मी बुंध्याभोवती सिमेंट ओतून घेतलंय ना, ते फोडा म्हणाल्या. झाडाचा गळा आवळलाय तुम्ही.

तर झाड जागेवर आहे आणि मीही. तू खोटं बोललास याचा मला राग आला आहे. पण ताईशी खोटं बोलायला तुला परका माणूस का लावावा लागला, तेवढं कळव.

लोभ आहेच, सध्या जरा फुगून बसला आहे.

तुझी,
ताई


ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या गृहस्थाच्या पोटात काहीच राहणार नाही असं वाटलं नव्हतं. जे केलं ते तुझ्या काळजीपोटी केलं. त्या बाई फांद्या काढून गेल्या, छान झालं. पण छप्पर जुनंच आहे. शिवाय न्हाणीघराची फरशी निसरडी. शिवाय मांजराचं वय झालं. इथे प्राण्यांचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या हाताला फार गुण आहे म्हणतात.

माझी चिंता करू नकोस. ही गेल्यापासून मी स्वयंपाकात चांगला तयार झालो आहे. फक्त हाताला अजून दोघांचाच अंदाज आहे, त्यामुळे रात्रीचं सकाळी खातो आणि सकाळचं रात्री. टीव्ही चालूच ठेवतो, घरात माणूस बोलल्यासारखं वाटतं. बातम्या सांगणारी बाई नमस्कार म्हणाली की मीही म्हणतो. शेजारी आवाजाची तक्रार करतात. करोत बापडे.

बाकी ठीक.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

‘बाकी ठीक’ हे माझं वाक्य आहे. तू वापरू नकोस, तुला शोभत नाही.

बाबांना चहा हवा असला की ते म्हणायचे, आज हवा गार आहे. आई उठून आधण ठेवायची. आई गेल्यावरही ते हवा गार आहे म्हणत राहिले, आणि आपण दोघं शहाणे त्यांना शाल आणून देत राहिलो. आपल्या घरात सरळ मागायचं म्हणजे जिवावर येतं. तू तर त्यासाठी माझं धडधाकट झाड पोकळ ठरवलंस.

मी काही तुला शाल आणून देणार नाही. फरशीवर कालच खरखरीत पायपुसणी टाकली. छपराला काही झालेलं नाही. मांजराने सकाळी उंदीर धरला. म्हणजे मला इथे कसलाही धोका नाही आणि इथून हलायचं काही कारण नाही. आता सांग, मी का यावं? एका ओळीत लिही, आणि तिच्यात झाड नको.

उत्तर येईपर्यंत लोभ राखून ठेवला आहे.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घर खायला उठतं. ये.

तुझा,
धाकटा


ता. ८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने येते. मांजर टोपलीत घालून आणते आहे, त्या डॉक्टरांच्या हाताचा गुण बघू. किल्ली झाडवाल्या बाईंकडे दिली आहे. मी नसताना त्या बुंध्याजवळचं सिमेंट फोडून टाकणार आहेत. मला विचारलंही नाही, सांगितलं. मला आवडल्या. थंडी पडली की मी परत येणार, आणि तेव्हा तू माझ्याबरोबर यायचंस. तुझ्यासाठी खोली रंगवणार नाही, आहे तशीच मिळेल. निळा रंग मला कधीच आवडला नाही, पण राहू दे.

आता माझंही ऐक. मी कुठेही जायचं म्हटलं की सांगते, घ्यायला कुणी नको, मी टॅक्सी करून येईन. ते खरं नाही. गाडीतून उतरल्यावर सगळ्यांची माणसं आलेली असतात आणि आपलं कुणी दिसत नाही, तेव्हा मला रडू येतं. हे मी तुझ्या भावोजींनाही कधी सांगितलं नाही.

तू घ्यायला ये. बाहेर थांबू नकोस, फलाटावर उभा राहा, मला खिडकीतूनच दिसशील असा.

तुझी,
ताई