तिवरांची अष्टमी

॥ श्री ॥
कळवे, भाद्रपद वद्य १, शके १८११

तीर्थरूप दादांस उत्तराचा सा. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या माझ्या पत्रात एक खोटी गोष्ट गेली, ती आधी दुरुस्त करते. नारळी पौर्णिमेला बांधाबाहेरच्या चिखलात लावलेली तिवराची रोपे काळुरामकाकांच्या म्हशींनी खाल्ली, असे मी लिहिले. ते मी पाहिले नव्हते. खूर दिसले, एवढेच. त्यावरून तुम्ही पाटलांना कळवलेत आणि म्हशींना खाजणात, त्या खाऱ्या चिखलात, चरायला बंदी झाली. काल पौर्णिमेला मी पुन्हा रोपे लावली. म्हशी गोठ्यात बांधलेल्या. भरती आली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळी घेऊन गेली.

मामंजींनी तिवरे तोडून वीटभट्टीला दिल्यापासून बांध उघडा पडला आहे. तो फुटला तर भातात खारे पाणी. त्या काळजीत मी दुसऱ्याकडे बोट दाखवून बसले. घास गिळवत नाही. काय करू? लोभ आहेच, या चुकीनंतरही असू द्यावा.

उत्तरा

ठाणे, वद्य ३

चि. उत्तरा हिस अ. उ. आ.

घरातल्या मुलींत पहिली तुला अक्षरे शिकवली, भरतीओहोटी शिकवायची राहिली! अगं, चांगला दिवस म्हणून पौर्णिमा धरलीस. त्या दिवशी उधाण असते हे गावातली शेंबडी पोरेही सांगतील. पाटलांना आजच लिहितो. काकांकडे मात्र तू स्वतः जा. लावायचे कधी, तेही त्यांनाच विचार. सासूबाईंच्या कानावर घाल. जेवत जा.

तुझा दादा, सहदेव

कळवे, वद्य ५

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि.

बंदी उठली. मी काकांकडे गेले. त्यांनी पाणीही विचारले नाही. म्हणाले, म्हशी आटल्या, पण पोरी, तुझी अक्षरे भारी हो! मी चुकले, असे त्यांना सांगितले. मग आपणच म्हणाले की अष्टमीला भांगाची भरती, उधाणाच्या उलट, पाणी मंद असते, रोप तेव्हाच पाय धरते. उरल्यासुरल्या तिवरांखालचे मोड आलेले बी संपत आले, पुढच्या अष्टमीला मिळायचे नाही. स्वतः येतो म्हणाले.

सासूबाई म्हणतात, पितृपक्षात नवे काही लावले तर घराला लागते. त्यांना दुखवणे जिवावर येते, रात्रभर डोळा नाही. पण चांगला दिवस बघून दोनदा चुकले. मी जाणार, हे त्यांना तोंडावर सांगितले आहे. चोरून जाणार नाही. तुम्ही रागावलात तरी माया कमी करू नये.

उत्तरा

ता. क. लावायची वेळ ठरली: भाद्रपद वद्य अष्टमी, दुपारची ओहोटी.