समोरच्या ताईस

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समोरासमोर घरं आणि पत्र पेपरवाल्याच्या हाती, म्हणून बायको हसते. पण फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो, ऐकत कुणीच नाही. पत्रात निदान तुला मधे तोंड घालता येत नाही.

गुडघा बरा झाला तरी तू जिना उतरतेस, सुसाट गाड्या बघत कडेला उभी राहतेस आणि परत वर जातेस. गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करता करता दुकानातून दिसतं मला. आता पालिकेची इंजिनीयरबाई म्हणते, रस्ता अरुंद करू, ओलांडायला उंचवटा घालू, दुकानांपुढचं पार्किंग काढू. विरोधाचं भाषण दुकानदारांनी माझ्या गळ्यात घातलंय. गाडी दारात उभी राहिली नाही, तर गिऱ्हाईक काय ब्रेक खिशात घालून आणणार?

लोभ आहेच, वाढवलास तर नको म्हणणार नाही.
तुझा,
धाकटा

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी काही सांगणार नाही. एवढंच म्हणते, जगाच्या गाड्या थांबवून तू मोठा झालास, आणि बहिणीच्या वेळेला घसा बसला होय? तुझ्या बायकोला माझ्या हातचं नवं पोलकं नेऊन दाखवायचं होतं. तेही शेवटी पेपरवाल्यानेच नेलं. बाह्या घट्ट झाल्या म्हणे. माप घ्यायला तिथवर यायला नको?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभेत उभा राहिलो आणि पाठ केलेलं भाषण बाजूलाच राहिलं. म्हणालो, “करकचून लागलेला ब्रेक मी डोळे मिटून ओळखतो. आपल्या रस्त्यावर तो रोज कुणाच्या तरी पायाशी येऊन थांबतो.” चपलांचा दुकानदार म्हणाला, मग आता शटर ओढून घे. मी म्हटलं, मागच्या गल्लीत दार आहे, गाड्या तिकडून घेईन. तुझी गिऱ्हाइकं तर पायांनीच येतात. सगळे हसले, आणि महिनाभर करून बघू असं ठरलं.

रस्ता अरुंद करायला कडेनं कुंड्या मांडल्यात, उंचवटा झालाय, गाड्या सुतासारख्या सरळ चालतात. काल गिऱ्हाइकाशी बोलता बोलता थबकलो. रस्त्यापलीकडून तुझं शिवणयंत्र ऐकू येत होतं. इतकी वर्षं समोर राहून पहिल्यांदाच.

आता ये. लोभ चालत आला तर जास्त बरा.
धाकटा

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी तुझ्याकडे निघावं आणि तूही मला आणायला त्याच घटकेला निघावंस! बरं, भेटलो तर बाजूला तरी व्हायचं. उंचवट्याच्या मधोमध उभे राहून आपण बाह्यांपासून माझ्या विहीणबाईंपर्यंत सगळं काढलं. तू ऐकत नव्हतास, मीही नव्हते. बस थांबलीय हे तुझ्या तीक्ष्ण कानांनाही कळलं नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद करून खाली उतरून सांगितलं, आजी, पुढचं घरी जाऊन बोला, पण विहीणबाई शेवटी काय म्हणाल्या ते मलाही सांगा.

त्याला सांगायचं राहिलं, तुलाही. पत्रात लिहीत नाही. माप घ्यायचा टेप गळ्यात अडकवलाय, मी निघाले. तू दुकानातच थांब.

लोभ समोर बसून मोजून घेईन.
ताई