बीटचा रस आणि अर्धं तिकीट

३ मे, सकाळ
अक्षय तृतीया, आमची आखाजी, होऊन गेली. कमल अजून माहेरी, शिंदखेड्याला. घरात छान शांतता. आजपासून रोज बीटचा रस. महिन्याभरात डॉक्टरच म्हणतील, सर, प्रेशरची गोळी बंद करा. मिक्सरचं झाकण सापडत नाही. वर ताटली धरली. भिंत थोडी लाल झाली. पुसू नंतर.

४ मे
स्वतःसाठीच लिहून ठेवतो. नायट्रिक ऑक्साइड. दोन अणूंचा एवढासा वायू. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी तो बनवतात. बाकीचे बरेच निरोप पेशी पुड्या बांधून ठेवतात, आणि ते पोचले की त्यांना दार शोधावं लागतं. याला दार लागत नाही. भिंतीतून सरळ शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथलं एक एन्झाइम जागं करतो, स्नायू सैल पडतो, वाट रुंद होते, प्रेशर उतरतं. साठवून मात्र ठेवता येत नाही. लागेल तेव्हा जागच्या जागी बनवायचा. काही सेकंदांत संपतो.
आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, पण इतकं सोपं कधी जमलं नव्हतं. आज ऐकायला कोणी नव्हतं.

६ मे
कमलचा फोन आला. तिने विचारलं, जेवलात का. मी तिला नायट्रिक ऑक्साइड समजावून सांगितला. ती मधेच म्हणाली, भावाने, नवलने, यंदा झोका बांधला होता, बठ्ठ्या बहिणी आल्या होत्या, आता सगळ्यांची घरची माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. मी म्हणालो, बरं झालं. मग एन्झाइमपासून पुढे सांगितलं. तिने फोन ठेवला. तिकडे रेंज नसते.

८ मे, दुपार
पंचेचाळीस अंश. शेजारचे शालिग्राम आबा आले होते. मूळचे धुळ्याकडचे, बोलतात तिकडचंच. रस पाजला, विषय समजावला. आबा शेवटी एवढंच म्हणाले, "सर, वहिनीले लेवाले जा. तठे वाट देखी राह्यनात."
जुन्या वळणाची माणसं. नेताना भाऊ येतो, आणताना नवऱ्याने जायचं, हा रिवाज मलाही माहीत आहे. कमल जाताना तसं म्हणालीही होती. पण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बस दारात येते. न्यायला माणूस कशाला? हेच मी तिला हसत हसत सांगितलं होतं. ती हसली नव्हती.

११ मे
प्रेशर तसंच. थोडं वरच. मशीनचे सेल बदलले.
ठरवलं आहे की मी आपणहून फोन करायचा नाही. तिला यायचं तर ती येईल. संध्याकाळी दोन कप चहा झाला. सवयीने. दोन्ही प्यालो.

१३ मे
प्रेशर का उतरत नाही ते सापडलं. बीटमधल्या नायट्रेटवर आधी जिभेवरचे जिवाणू काम करतात, त्यातूनच पुढे तो वायू बनतो. आणि मी दात लाल दिसू नयेत म्हणून रस प्याल्याबरोबर जालीम माउथवॉशने गुळण्या करत होतो. कामाचे सगळे जिवाणू धुऊन टाकले. हेच मी मुलांना शिकवत असे. चूक तशी माउथवॉशची.
दात कोणाला दिसणार होते, हाही प्रश्न आहे.

१६ मे
निर्णय. उद्या शिंदखेड्याला जायचं. घ्यायला म्हणून नाही. नवलला भेटून बरेच दिवस झाले. वाक्य तयार केलं आहे, ‘कमल, घरी चल. करमत नाही.’ आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं. दाढी केली. वय दिसत नाही.

१७ मे
कंडक्टरने काही न विचारता मला ज्येष्ठांचं अर्धं तिकीट फाडून दिलं.
अमळनेर गेलं तरी वाक्य तोंडपाठ होतं. नवलच्या ओट्यावर पोचलो तर त्याच्या घरच्या वहिनी एकट्याच. म्हणाल्या, कमलअक्का परवापर्यंत पिशवी भरूनच बसल्या होत्या, गाडी थांबली की बाहेर येऊन बघायच्या. काल भाचीच्या, दीपमालाच्या बाळंतपणाला सुरतला गेल्या. सोडायला नवल गेला. तीन-चार महिने तरी येणार नाहीत. माझ्यासाठी ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा ठेवून गेल्या होत्या.
परत येताना डबा मांडीवर धरला. एकही बिबडा मोडला नाही. वाक्य कोणालाच सांगता आलं नाही.

१८ मे, संध्याकाळ
रस केला नाही. प्रेशर मोजलं नाही. घर खायला उठतं. शेवटी मीच फोन लावला. तिने लगेच उचलला. मागे बायकांचा गलका चालला होता. ती म्हणाली, बोला.
वाक्य अजून तोंडपाठ होतं.
मग मी विचारलं, मिक्सरचं झाकण कुठे आहे.
तिने सांगितलं, पिठाच्या डब्यामागे. आणि तिला कोणी तरी हाक मारली.
झाकण तिथेच होतं.